पहिल्या वर्षाच्या मुलांना पेशंटजवळ बसू द्या

महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या अभ्यासक्रम समित्यांना खुले पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

मी २०१९ साली एमबीबीएसला प्रवेश घेतलेल्या बॅचची विद्यार्थिनी. सीबीएमईचा, म्हणजे क्षमतांवर आधारित वैद्यकीय शिक्षणाचा, नवा अभ्यासक्रम आमच्या बॅचपासून सुरू झाला. आमच्या आधीची मुलं १९९७च्या नियमांनुसार शिकली. विदर्भातल्या एका सरकारी महाविद्यालयात शिकले, इंटर्नशिप केली आणि आता बाँडच्या वर्षात, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे.

गेल्या महिन्यात आमच्या केंद्रावर फर्स्ट इयरच्या मुलांची बस आली होती. काम आटोपल्यावर त्यांच्यातल्या आठ-दहा जणांशी व्हरांड्यात बसून बराच वेळ बोलले. अर्ली क्लिनिकल एक्स्पोजरबद्दल, म्हणजे पहिल्या वर्षापासूनच मुलांना पेशंटजवळ नेण्याबद्दल, ज्याला आपण सगळे ईसीई म्हणतो, ती जे सांगत होती ते ऐकून मी अस्वस्थ झाले. पाच-सहा वर्षांपूर्वी आमच्या होस्टेलच्या कट्ट्यावर आम्ही हेच बोलायचो, जवळजवळ याच शब्दांत. म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र तुम्हालाच का, तर विषय आणि तास दिल्लीहून ठरून येतात, पण त्या तासांत मुलांना कुठे, किती जणांना, कोणाबरोबर पाठवायचं याचं वेळापत्रक तुमच्या टेबलावर तयार होतं.

आमच्या वेळी पहिल्या वर्षात ईसीईला ९० तास होते. अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री या तिन्ही विषयांत सारखे वाटलेले. हेतू चांगला होता आणि आजही चांगलाच आहे. मुलाला वर्षभर नुसती हाडं, स्नायू आणि एन्झाइम पाठ करायला लावून मग एके दिवशी वॉर्डात नेण्यापेक्षा, आपण जे वाचतो ते कोणाच्या तरी शरीरात घडत असतं हे त्याला पहिल्या काही महिन्यांतच कळावं. त्या हेतूवर माझा पूर्ण विश्वास आहे. तो प्रत्यक्षात कसा उतरतो, हे एकदा मुलांच्या रांगेत उभं राहून पाहा, एवढीच विनंती आहे.

आमची पहिली वॉर्ड व्हिजिट ऑक्टोबरमध्ये झाली. बॅच दीडशेची, दोन गट पाडलेले, म्हणजे एका वेळी पंचाहत्तर जण. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. लिव्हर सिरॉसिसमुळे पोटात पाणी झालेले एक आजोबा खाटेवर होते. आम्हाला दाखवायचं काम एका रेसिडेंट सरांकडे दिलेलं. रात्रभर इमर्जन्सी करून ते तसेच आले होते. त्यांनी आजोबांचा सदरा वर केला, पोटावर बोटं ठोकून आवाज ऐकवला, त्यांना कुशीवर वळवून पुन्हा ठोकलं आणि आवाज कसा बदलतो ते सांगितलं. पहिल्या दोन रांगांतल्या मुलांना दिसलं. तिसऱ्या रांगेपासून मागे कोणालाच काही दिसलं नाही, ऐकू तर अजिबात आलं नाही. मी पाचव्या रांगेत होते. मला एकच गोष्ट नीट दिसली. कुशीवर वळवल्यावर आजोबांनी तोंड भिंतीकडे केलं आणि आम्ही जाईपर्यंत ते परत फिरवलं नाही. वीस मिनिटांत सगळं संपलं. त्यांचं नाव आमच्यापैकी कोणी विचारलं नाही. सदरा वर करायला त्यांची परवानगीही कोणी घेतली नाही.

त्या रात्री लॉगबुक भरायचं होतं. त्यात तीन प्रश्न असतात: काय घडलं, त्याचं महत्त्व काय, पुढे काय करणार. मी लिहिलं की असायटिसची केस पाहिली, शिफ्टिंग डलनेस शिकले, पुढे अधिक वाचन करेन. मी शिफ्टिंग डलनेस शिकले नव्हते. भिंतीकडे तोंड केलेल्या आजोबांबद्दल लिहावंसं वाटलं होतं, पण सीनियरकडून आलेल्या लॉगबुकात तसं काही नव्हतं आणि सही मिळवायची होती. नंतर वर्षभर आम्ही सगळ्यांनी त्याच एका लॉगबुकावरून उतरवून घेतलं. आमच्या केंद्रावर आलेल्या मुलांनीही तेच सांगितलं. आता एवढाच फरक की पानांचे फोटो व्हॉट्सअॅपवर येतात.

हा दोष मी त्या रेसिडेंट सरांना देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित पंधरा मिनिटांत आटोपलं असतं. पंचाहत्तर मुलं एका खाटेभोवती उभी करायची ठरल्यावर, त्या खाटेवरच्या माणसाचं काय होणार हेही त्याच वेळी ठरून जातं.

आता दुसरा दिवस सांगते, कारण माझा विश्वास त्या दिवसामुळे टिकून आहे.

बायोकेमिस्ट्रीच्या एका मॅडमनी नोव्हेंबरमध्ये एका दुपारी आमच्या प्रॅक्टिकल बॅचमधल्या पाच जणांना बोलावलं. त्या आठवड्यात हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार ओळखायची चाचणी, चालू होतं. मॅडम म्हणाल्या, चला, एका मुलीला भेटून येऊ. बालरोग वॉर्डातल्या सिस्टरांशी त्या आदल्या दिवशीच बोलून आल्या होत्या. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार, दुखण्याचा झटका येऊन दाखल झालेली, आता बरं वाटत असलेली. मॅडमनी तिला आणि तिच्या आईला विचारलं, ही मुलं अजून डॉक्टर नाहीत, पहिल्या वर्षाला आहेत, तुझ्याशी बोलली तर चालेल का? ती हसली आणि म्हणाली, चालेल की. मॅडम आईशेजारी स्टुलावर बसल्या आणि तासभर जवळजवळ काहीच बोलल्या नाहीत.

बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक अॅसिडऐवजी व्हॅलिन आलं की पेशी विळ्यासारखी होते, हे आम्हाला तोंडपाठ होतं. एका मोठ्या रेणूतलं एक अमिनो आम्ल बदललं की माणसाच्या दिवसाचं काय होतं, हे माहीत नव्हतं. ती सांगत होती की थंडी पडायला लागली की तिला भीती वाटते. दुखणं हाडाच्या आतून येतं, बाहेरून कितीही चोळलं तरी तिथपर्यंत हात पोचत नाही. डॉक्टरांनी खूप पाणी प्यायला सांगितलंय, म्हणून ती शाळेत बाटली नेते, पण मग सारखं लघवीला जावं लागतं आणि वर्गात उठून परवानगी मागितली की बाई रागावतात. म्हणून शाळेच्या दिवशी ती पाणी कमी पिते. मग झटका येतो.

आमच्यापैकी एकाने विचारलं, बाईंना आजार सांगितला नाहीस का? ती म्हणाली, सांगितला तर सगळ्या गावाला कळेल, धाकट्या बहिणीच्या लग्नाला अडचण येईल. तिची आई खाली बघत राहिली.

चार महिन्यांनी फिजिऑलॉजीत मूत्रपिंड आलं. काउंटरकरंट यंत्रणा, म्हणजे मूत्रपिंड लघवी दाट कशी करतं, हा फर्स्ट इयरच्या मुलांना सगळ्यात अवघड वाटणारा भाग. मूत्रपिंडाच्या आतल्या थरात ऑक्सिजन कमी, क्षार जास्त, रक्त संथ. नेमक्या अशा जागी सिकलसेलच्या पेशी वाकड्या होतात, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात, आणि हळूहळू मूत्रपिंड लघवी दाट करायची क्षमता गमावतं. वर्गात हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. ती मुलगी नुसतं पाणी जास्त प्यायल्यामुळे उठत नव्हती, तिच्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवताच येत नव्हतं. तो धडा मला आजही विसरता येत नाही. आमच्या पाच जणांपैकी कोणालाच येत नाही, मी विचारून पाहिलंय.

त्या तासाला कुठलंही उपकरण लागलं नाही, प्रोजेक्टर लागला नाही. पाच मुलं, एक पेशंट, एक शिक्षिका आणि आदल्या दिवशी घेतलेली परवानगी एवढं पुरलं. वॉर्डातून आल्यावर मॅडमनी आम्हाला त्यांच्या खोलीत चहा दिला आणि विचारलं, काय वाटलं? रोगाबद्दल विचारलं नाही. आमची एक मैत्रीण तिथे रडली. तिच्या मावसभावाला हाच आजार होता आणि घरात त्याचं नाव कोणी घेत नसे.

ईसीई पहिल्याच वर्षात का हवा, याचं कारण साधारणपणे विषयाची गोडी लागावी असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण आहे. फर्स्ट इयरचा मुलगा अजून पेशंटच्या भाषेत बोलतो. पेशंट म्हणतो पायाला मुंग्या येतात, छातीत धडधडतं, अंगात कणकण आहे, भोवळ आली, धाप लागते, करपट ढेकर येतात. बाई म्हणते अंगावरून पांढरं जातं. फर्स्ट इयरची मुलगी हे ऐकते तेव्हा तिला ते जसंच्या तसं ऐकू येतं आणि ती पुढे साधा प्रश्न विचारते: मग तुम्ही स्वयंपाक कसा करता? शेतावर कोण जातं? फायनल इयरला येईपर्यंत आम्ही ऐकता ऐकताच भाषांतर करायला लागतो. मुंग्या म्हटलं की पॅरेस्थेशिया, धाप म्हटलं की डिस्पनिया, आणि स्वयंपाकाचा प्रश्न गळून पडतो. भाषांतर यायलाच हवं, त्याशिवाय निदान होत नाही. पण ज्याने आधी मूळ ऐकलं आहे त्याचं भाषांतर चांगलं होतं. ऐकायचा हा काळ वर्ष-दीड वर्षाचा असतो आणि नंतर तो परत येत नाही. म्हणून मुलांना काही येत नसतानाच पेशंटजवळ बसवायला हवं. त्यांच्याकडून निदानाची अपेक्षा नको, तपासणीची कौशल्यंही थोडी थांबू शकतात.

ऑल इंडिया कोट्यातून आलेल्या मुलांबद्दलही सांगायला हवं. सरकारी महाविद्यालयांत १५ टक्के जागा त्यांच्या असतात. राजस्थानची, केरळची मुलं आमच्याबरोबर होती. प्रवेशानंतरच्या तोंडओळखीच्या फाउंडेशन कोर्समध्ये त्यांना स्थानिक भाषेचे तास होते, फळ्यावर वाक्यं लिहून. माझी केरळची रूममेट मराठी खरी शिकली ती वॉर्डातल्या एका मावशींकडून, त्यांच्या मागे मागे फिरून. "कुठं दुखतंय" याआधी "जेवलात का" विचारायचं असतं, हे तिला त्यांनी शिकवलं.

ज्यांना ईसीई नको होतं त्यांची बाजूही मला मांडायची आहे, कारण ती मुलं आळशी नव्हती. आमच्या वर्गातला सगळ्यात अभ्यासू मुलगा म्हणायचा, आधी अॅनाटॉमी तरी संपू दे, अर्धवट माहितीने पेशंट बघून काय करू? त्याची चिडचिड मला समजत होती. २०२३च्या नियमांनी पहिला टप्पा १२ महिन्यांचा झाला आहे. डिसेक्शन, जर्नल, टर्म, प्रिलिम आणि व्हायवा एवढ्याच वेळात बसवायचं असताना तीन तास मागच्या रांगेत उभं राहणं ही खरोखर उधळपट्टी आहे. आमच्या केंद्रावर आलेली एक मुलगी म्हणाली, मॅडम, त्यापेक्षा आम्हाला डी हॉलमध्ये, म्हणजे डिसेक्शन हॉलमध्ये, सोडा, तिथे निदान हात लावता येतो. वेळ वाया जातो अशी तिची तक्रार आहे आणि ती बरोबर आहे. पण त्या मुलीला वर्षातून पाच-सहा दुपारी माझ्या बायोकेमिस्ट्रीच्या मॅडमसारख्या मिळाल्या तर ती तक्रार करणार नाही, हे मी खात्रीने सांगते.

आणखी एक गोष्ट, जी मुलं तुमच्यासमोर बोलणार नाहीत. पहिल्या वर्षी कॅज्युअल्टीच्या व्हिजिटला आमच्यासमोर एक तरुण दगावला. अपघात होता. आम्ही अठरा-एकोणीस वर्षांचे. आम्हाला बाहेर काढलं, ते योग्यच होतं, आणि मग थेट दोनच्या लेक्चरला बसवलं. त्या संध्याकाळी मेसमध्ये कोणी जेवलं नाही. त्यावर एकही माणूस आमच्याशी बोलला नाही. एटकॉमच्या, म्हणजे वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद शिकवणाऱ्या मॉड्यूलमध्ये "पेशंट असणं म्हणजे काय" हा विषय पहिल्याच वर्षी आहे, शवाला आपला पहिला शिक्षक मानणारा विषयही आहे. तो आठवडा त्या विषयांसाठी किती योग्य होता! पण ते विषय वेळापत्रकात दुसरीकडे होते, लेक्चर हॉलमध्ये, दीडशे जणांसाठी, स्लाइडवर.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. देशाच्या आरोग्यसेवेचा आराखडा देणाऱ्या १९४६च्या भोर समितीने समाजाकडे पाहणाऱ्या डॉक्टरचं चित्र मांडलं. १९७७ साली वैद्यकीय महाविद्यालयांना प्रत्येकी तीन प्राथमिक आरोग्य केंद्रं जोडण्याची रोम योजना आली. आणि आपल्याच वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं महात्मा गांधी इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलं. तिथे प्रत्येक नवी बॅच एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी तिथे शिबिरात राहते आणि नंतर त्याच गावात, आपल्या वाट्याच्या त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाते. तिथे शिकलेल्या एका सीनियरबरोबर मी इंटर्नशिपमध्ये काम केलं. दहा वर्षांनंतरही त्यांना आपल्या वाट्याच्या घरातल्या माणसांची नावं आठवत होती. मी त्या पंचाहत्तरांच्या व्हिजिटमधल्या आजोबांचं नाव दुसऱ्या दिवशीही सांगू शकले नसते.

मग काय करता येईल? मी शिक्षणतज्ज्ञ नाही, पण दोन्ही बाजूंनी हे पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

दीडशेच्या बॅचचे पाच-पाचचे तीस गट होतात. आठवड्यातल्या एका दुपारी सहाच गट वॉर्डात पाठवा, बाकीची मुलं नेहमीच्या प्रॅक्टिकलला जाऊ द्या. पाच आठवड्यांत सगळ्या बॅचची एक फेरी होते, वर्षात सहज सहा-सात फेऱ्या. एका दुपारी सहा पेशंट आणि सहा सोबती लागतील. सोबती प्राध्यापकच हवा असं नाही. इंटर्नला घ्या. मी इंटर्न असताना दिवसातले कित्येक तास सॅम्पल काढण्यात आणि रिपोर्ट आणण्यात जायचे. त्यातली एक दुपार पाच ज्युनियरना घेऊन बसायला सांगितलं असतं तर मी आनंदाने बसले असते आणि मलाही त्यातून शिकायला मिळालं असतं. प्रीक्लिनिकलच्या, म्हणजे अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीच्या, शिक्षकांना वॉर्डात परकं वाटतं, हेही मी पाहिलंय. आमच्या त्या मॅडमना वॉर्डात जायला स्वतःची ओळख वापरावी लागली होती. क्लिनिकल विभागांनी त्यांना रीतसर बोलवायला हवं.

काही दुपारी तर डॉक्टरचीही गरज नाही. एक दुपार सिस्टरांच्या पाठोपाठ काढू द्या. औषध देताना, सलाइन बघताना, नातेवाइकांना समजावताना त्या काय काय करतात ते मुलांना पहिल्याच वर्षी दिसू द्या. फायनलला येईपर्यंत आमच्यातल्या अनेकांना सिस्टरांशी बोलायची रीतच आलेली नव्हती. आणि एक सकाळ प्रत्येक मुलाला ओपीडीतल्या एका पेशंटसोबत द्या, त्या पेशंटने हो म्हटलं तर. केस पेपरच्या रांगेपासून ओपीडी, तिथून रक्त तपासणी, एक्स-रे, पुन्हा ओपीडी, मग औषधाची खिडकी. मुलाने फक्त बरोबर चालायचं, पेशंट उभा असेल तर उभं राहायचं. तीस किलोमीटरवरून आलेल्या बाईची परतीची एसटी कोणत्या वेळी आहे आणि ती चुकली तर काय होतं, हे त्या सकाळी समजेल. पुढे आयुष्यभर "उद्या रिपोर्ट घेऊन या" म्हणताना ते आठवेल. मी ते या वर्षी, नोकरीत येऊन शिकले आणि तोपर्यंत कितीजणींना सहज "उद्या या" म्हणून गेले होते.

परवानगी आदल्या दिवशी घ्या, मोकळेपणाने, आणि नाही म्हणण्याची खरी संधी देऊन. सरकारी दवाखान्यात पेशंट नाही म्हणत नाही, कारण त्याला वाटतं की नाही म्हटलं तर उपचार मिळणार नाहीत. हे आपल्याला माहीत असूनही आपण त्याच्या गप्प बसण्याला होकार समजतो.

लॉगबुकचे तीन प्रश्न राहू द्या, पण फेरी झाल्यावर त्याच दिवशी अर्धा तास पाच जणांना एका खोलीत बसवा आणि आधी बोलू द्या. लिहिणं नंतर, चार ओळी, स्वतःच्या भाषेत, मराठीतही चालतील असं स्पष्ट सांगून. सही त्या बोलण्यानंतर मिळावी. उतरवून घेतलेलं पान मग कोणाच्या उपयोगाचं राहणार नाही.

नव्या महाविद्यालयांच्या समित्यांना मला विशेष विनंती करायची आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये आपल्या राज्यात एकाच दिवशी दहा सरकारी महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, वाशिम, हिंगोली, बुलढाणा, भंडारा अशा ठिकाणी पहिल्या बॅचेस शिकत आहेत. तिथे इमारती अपुऱ्या आहेत, शिक्षक कमी आहेत, याची मला कल्पना आहे. पण तिथे ही प्रथा अजून बसलेली नाही. पंचाहत्तर जणांची व्हिजिट सुरूच झाली नाही तर ती मोडावीही लागणार नाही.

शेवटी आमच्या गावातल्या एका आजींबद्दल. मुलांना गावातली काही कुटुंबं वाटून देणाऱ्या कुटुंब दत्तक कार्यक्रमात त्यांचं घर एका मुलीच्या वाट्याला आलं होतं. त्या मुलीने आजींचा बीपी मोजला, १६०/१०० निघाला, तिने एका चिठ्ठीवर तो आकडा लिहून दिला आणि आजींना हाताला धरून माझ्याकडे घेऊन आली. मी गोळी सुरू केली. आजी आता दर महिन्याला गोळ्या न्यायला येतात. ती चिठ्ठी त्यांनी रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे, प्रत्येक वेळी काढून दाखवतात आणि विचारतात, ती पोरगी परत यायची म्हणाली होती, कधी येणार? मी त्या महाविद्यालयात चौकशी केली. गावाच्या पुढच्या भेटी वेळापत्रकात आहेत, पण परीक्षांमुळे गट बदलले आहेत आणि त्या घरी आता दुसरं कोणी येईल, असं कळलं. आजींना मी अजून हे सांगितलेलं नाही. पुढच्या वेळापत्रकात त्या मुलीला त्याच घरी पाठवता येईल का, ते कृपया पाहा.

आपली,
२०१९च्या बॅचची एक विद्यार्थिनी,
सध्या वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र